अकरा चमचे

"थांबा, माई."

माईंनी लगेच प्लॅस्टिकची पिशवी उघडून माझ्या तोंडासमोर धरली. भारतातून आल्यापासून गेले चार आठवडे ती पिशवी त्यांच्या हातात तयारच असायची.

"होतंय का? होऊ दे. लोकांकडे नको बघूस."

"नाही. वास येतोय."

"मग नाक दाब. हा घे पदर."

"नाही, माई. बरा वास येतोय."

पिशवी तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नऊ आठवड्यांत मी कुठल्याही वासाला बरं म्हटलं नव्हतं. भाताच्या वाफेने, साबणाने, मुकुंदच्या धुतलेल्या शर्टानेसुद्धा माझ्या पोटात ढवळून यायचं. माझा नवरा बिचारा कोरड्या पावाचा डबा घेऊन बाहेर जिन्यात बसून जेवायचा.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधली. शुक्रवार होता. फिलाडेल्फियाच्या अगदी मध्यात, वॉलनट स्ट्रीटच्या एका कोपऱ्यावर मी आणि माझ्या सासूबाई उभ्या होतो. सव्वाबारा वाजले होते. ऑफिसांची दारं उघडली होती आणि सगळं शहर एकदम जेवायला बाहेर पडलं होतं.

पंधरा मिनिटांपूर्वी आम्ही माझ्या डॉक्टरांच्या खोलीत होतो. मला चौदावा आठवडा होता. वजन साडेएक्कावन्न किलोंवरून साडेचव्वेचाळीसवर आलं होतं. तीनदा सलाईन लावून झालं होतं. डॉक्टर लेव्हीन या उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर मूल वाढणार नाही, आणि तुझं शरीरही टिकणार नाही. आज दाखल करून दंडातून हृदयाजवळच्या शिरेपर्यंत नळी घालायची आणि तिच्यातून अन्न द्यायचं. त्यात जंतुसंसर्गाचा धोका होता, तोही त्यांनी लपवला नाही. खाट अडीच वाजता मिळणार होती.

"तोपर्यंत काहीही खाऊन बघ," त्या म्हणाल्या होत्या. "काहीही. ते टिकलं तर मी सोमवारपर्यंत थांबेन."

मी हे सगळं माईंना मराठीत सांगितलं होतं, नळीसकट. त्यांनी फक्त विचारलं होतं, "अडीच म्हणजे आपल्याला किती वेळ आहे?"

"कुठून येतोय वास?" आता त्यांनी विचारलं.

मी रसायनशास्त्रातली. वायूच्या मिश्रणातले घटक वेगवेगळे करून ओळखणं हे माझं रोजचं काम. मी डोळे मिटले आणि मान सावकाश फिरवली. डिझेल. कुणाचं तरी अत्तर. कोपऱ्यावरच्या गाडीवरचे सॉसेज. तिथे पोटाने उसळी मारली. आणि या सगळ्याच्या मागे, वारा आला की एक क्षणभर, ते. त्यात आल्याचा वास होता. आणखी काहीतरी खोल, गरम, खारट. त्याचं नाव मला सांगता येईना. पण तोंडाला पाणी सुटलं. ते पाणी उलटीच्या आधीचं नव्हतं.

"उत्तरेकडून. वारा तिकडून आहे."

"चल मग."

माईंनी माझं कोपर धरलं. साठीच्या, जेमतेम पाच फूट उंच बाई. सुती पातळ, त्यावर मुकुंदचा स्वेटर, पायांत पांढरे बूट. विमानात चोवीस तास त्यांनी केळी आणि घरच्या लाडवांशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं, कारण हवाई सुंदरीने ज्या हाताने शेजारच्याला अंड्याची बशी दिली त्याच हाताने ती त्यांना पाव देत होती. त्याच माईंनी आता टाय लावलेल्या माणसांच्या गर्दीत शिरून वाट काढायला सुरुवात केली.

"सरका, सरका. पोटुशी आहे ही. अहो, तुम्हाला सांगतेय, मोबाईलवाले."

"माई, त्यांना मराठी येत नाही."

"सरकले की नाही?"

सरकले होते.

सॅन्सम स्ट्रीट अरुंद होता, तिथे वास स्पष्ट आला. चेस्टनट स्ट्रीटला कॉफीच्या दुकानाने तो पुसून टाकला. मी परत मागे आले, डोळे मिटून उभी राहिले, पुन्हा पुढे गेले. वाटेत दोनदा खाली बसावं लागलं. एका ठिकाणी कंदील लावलेलं मोठं चिनी रेस्टॉरंट लागलं, पांढरे टेबलक्लॉथ आणि दारात माणूस. तो म्हणाला, टेबलाला चाळीस मिनिटं लागतील. पण वास त्यांचा नव्हताच. तो त्यांच्या इमारतीच्या कडेने जाणाऱ्या बोळातून येत होता.

बोळात एक मोठा पंखा भिंतीतून बाहेर वारा फेकत होता. त्याच्यासमोर मी थांबले. गरम हवा थेट चेहऱ्यावर आली. मी ती छातीभरून आत घेतली आणि मला भूक लागली. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. इतकी, की भिंतीला टेकून मी रडायला लागले.

"रडतेस काय? दार कुठंय?" माई म्हणाल्या.

दार पलीकडच्या बाजूला होतं. दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्याच्यासमोर पंचवीस माणसांची रांग. वर उजेड असलेल्या पाट्यांवर पदार्थांचे रंग उडालेले फोटो आणि नंबर: लो मेन, नारिंगी चिकन, एग रोल, फ्राइड राइस. मी मोजले, एकशे बारा होते. काउंटरच्या मागे पन्नाशीची एक बाई होती. ती नंबर ओरडत होती, तारेची कडी असलेले कागदी डबे पिशव्यांत टाकत होती आणि पुढच्याचं ऐकत होती, तिन्ही एकाच वेळी. नेहमीची गिऱ्हाइकं तिला मिसेस चान म्हणत होती.

"नेक्स्ट!"

रांग भराभर पुढे गेली आणि आमचा नंबर आला. मला काय सांगावं कळेना. इथे सगळेच वास एकमेकांत मिसळले होते.

"कितवा नंबर?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मला माहीत नाही. मला ते हवंय, ज्याचा वास—"

"ताई, बघ चटकन," मागचा माणूस त्याच्या भाषेत या अर्थाचं काहीतरी म्हणाला.

माई पुढे झाल्या. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्या तोंडाकडून बाहेर हात फिरवून उलटी दाखवली, मग माझं मनगट धरून वर केलं आणि त्याच्याभोवती आपल्या अंगठ्याचं आणि बोटाचं कडं केलं. माझं मनगट त्या कड्यात सैल हलत होतं. "हे बघा," त्या मराठीत म्हणाल्या. "पोरीचं काय झालंय बघा."

मिसेस चानने पाहिलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच थांबली. मग तिने काउंटरची फळी उचलली आणि आम्हाला आत घेतलं. रांगेला तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण रांग गप्प झाली.

आत तीन कढया होत्या आणि एकच माणूस. ज्योती दोन-दोन हात वर येत होत्या, त्यांचा आवाज विमानाच्या इंजिनासारखा. त्याचे हात पळ्यावर आणि कढईवर अडकलेले, म्हणून तो गॅस गुडघ्याने लहानमोठा करत होता. समोर वीसेक स्टीलचे डबे होते. त्याच्या पळ्याचं टोक तिकडे न बघता बरोबर हव्या त्या डब्यात जायचं, हवं तेवढंच उचलायचं. कढई उचलली की आतलं सगळं हवेत जायचं, आगीतून पार व्हायचं आणि परत यायचं. एकही दाणा बाहेर पडत नव्हता. एक पदार्थ पन्नास सेकंदांत. मी प्रयोगशाळांत पुष्कळ निष्णात हात पाहिले आहेत. त्या माणसासारखी नेमकी हालचाल मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही. आपण कशाला आलोय हे मी क्षणभर विसरले. माईसुद्धा पदर तोंडाशी धरून नुसत्या बघत होत्या.

"आगीशी खेळतोय," त्या पुटपुटल्या. "आणि घाम नाही कपाळावर."

पण माझा वास त्या कढयांतून येत नव्हता. तो मागच्या कोपऱ्यातल्या एका पातेल्यातून येत होता. पातेलं माझ्या कमरेएवढं उंच, मंद आचेवर. त्यात आल्याचे जाड काप वरखाली होत होते. मी बोट दाखवलं. मिसेस चानने मान हलवली आणि काय आहे ते एका शब्दात सांगितलं.

मी माईंना म्हणाले, "भाज्यांचं काही मिळतं का विचारते."

मिळालं. तिने पाण्यात कोबी, टोफू आणि आलं उकळून एका वाटीत दिलं. आम्ही मागच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. तीन घोट घेतले आणि मी ते तीनही गटारात टाकले. माईंनी माझं कपाळ धरलं होतं. कुठल्याशा घड्याळात एकचा ठोका पडला.

"हा तो वास नाहीच," मी म्हटलं.

"त्या मोठ्या पातेल्यात काय आहे?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आल्याचे काप तर वरच दिसत होते.

"वृंदा, मी काय विचारतेय?"

"कोंबडी," मी म्हणाले. "कोंबडीचा रस्सा आहे."

माझ्या माहेरी कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. सासरचं तर विचारूच नका. मिरजेच्या त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर असायचा. माईंचं माझ्याशी कधी भांडण झालं नव्हतं, तसं जवळचं बोलणंही फारसं झालं नव्हतं. माझी आई नव्हती, म्हणून त्या आल्या होत्या. मला वाटलं, आता त्या उठतील आणि म्हणतील, चल, नळी तर नळी.

त्या उठल्या खऱ्या. दाराशी जाऊन त्यांनी मिसेस चानला हाक मारली. "ओ बाई." त्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि मग एक बोट वर केलं.

मिसेस चान एक प्लॅस्टिकची वाटी आणि चमचा घेऊन बाहेर आली. रस्सा गाळलेला होता, त्यात तळाशी मऊ शिजलेला भात होता. "चिकन," तिने माईंना हळू, स्पष्ट सांगितलं, त्यांना कळावं म्हणून. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून तीन बोटं दाखवली, वाटीवर टिचकी मारली आणि आत पळाली. आतून नंबर ओरडल्याचा आवाज आला.

"तिची तीन याच्यावर झाली म्हणतेय," माई म्हणाल्या. "घे."

वाटी माझ्या हातात होती आणि वाफ चेहऱ्यावर येत होती. सगळं अंग तिच्याकडे ओढलं जात होतं. पण हात उचलेना. पोटातलं भांडण वेगळं, हे वेगळं.

"मला नाही जमणार, माई. उद्या घरी कळलं तर— आणि तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर काय?"

"तुम्हाला माझ्या हातचं पाणी तरी चालेल का यानंतर?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून चमचा घेतला. वाटीत बुडवला, भरला, आणि काय होतंय ते मला कळायच्या आत स्वतःच्या तोंडात घातला.

त्यांचे डोळे मिटले होते. गळा एकदा हलला, थांबला, पुन्हा हलला. साठ वर्षं त्या गळ्याखालून जे कधी गेलं नव्हतं ते गेलं.

डोळे उघडून त्यांनी पदराने ओठ टिपले.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "आता दोघी सारख्या. घे, निवतंय."

पहिला चमचा मी जिभेवर धरून ठेवला. नंतर गिळला. माईंनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. "एक मिनिट थांब. मग दुसरा." मिनिट झालं. पोट शांत होतं. दुसरा. तिसरा. चौथ्याला भात आला. सहाव्याला बोटांच्या टोकांना ऊब आल्याचं जाणवलं. तो भास असेल, सहा चमच्यांत तसं होत नाही. पण आलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अशीच न हलता बसले होते. आपण हललो तर ते थांबेल म्हणून. अकराव्या चमच्याला माई म्हणाल्या, "बास. आता वाट बघायची."

आम्ही त्या पायरीवर बसून राहिलो. दहा मिनिटं. वीस. पाठीमागे आग गरजत होती. कुणीतरी तांदळाची पोती उतरवून गेलं.

"मुकुंदच्या आधी एक होतं," माई म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. मुकुंदलाही नव्हतं.

"रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी पिंटोबाई. चौथा महिना होता, तुझ्यासारखंच, पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही. एक दिवस त्यांच्याकडे सुके बोंबील भाजत होते आणि मला भूक लागली. कडकडून. सासूबाईंनी नाक मुरडून खिडकी लावून घेतली. मग मी रोज फटीला नाक लावून उभी राहायची."

"सांगितलं नाहीत कुणाला?"

"काय म्हणून सांगणार? पण पिंटोबाईंना कळलं. एकदा सासूबाई देवळात गेल्या होत्या. त्या मागच्या दाराने बशी घेऊन आल्या, वर रुमाल घातलेली. घरात चिटपाखरू नव्हतं. कुणाला कळलं नसतं." माईंनी हातातली रिकामी पिशवी घडी घातली. "मी दार लावलं. मीच. त्या बाहेर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या."

"मग?"

"मग पंधरा दिवसांनी गेलं ते."

मला पुष्कळ काही माहीत होतं. असे गर्भ बहुतेक वेळा कशाने जातात हे मला माहीत होतं, आणि बशीभर बोंबलांनी ते वाचत नाहीत हेही. ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. माई बोळाच्या तोंडाशी बघत होत्या, जणू अजून कुणीतरी तिथे उभं आहे. मी तोंड मिटलं. छत्तीस वर्षं ही बाई ते दार हातात घेऊन हिंडत होती, आणि त्यातली एक रेघही आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती.

दोन वाजले. पोटातलं पोटात होतं.

दवाखान्यात मुकुंद आमच्या आधी पोहोचला होता. माझा दुपारचा फोन मिळताच न्यू जर्सीतल्या ऑफिसातून तो घरी जाऊन माझे कपडे, ब्रश, चप्पल अशी दाखल होण्याची बॅग भरून घेऊन आला होता. परिचारिकेने शरीराची उपासमार दाखवणारी लघवीची पट्टी तपासली. ती तशीच गडद जांभळी होती. एवढ्यात ती बदलणार नाही हे मला ठाऊक होतं. पण धावणारी नाडी खाली आली होती. रक्तदाब वर आला होता. डॉक्टर लेव्हीननी माझ्या पोटावर जेल लावलं आणि ते लहानसं यंत्र फिरवायला सुरुवात केली. खरखर. पुन्हा खरखर. मग एकदम तो आवाज आला, भराभर, घोडा दौडत यावा तसा.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या माई पुढे आल्या.

"हे काय वाजतंय?"

"त्याचं हृदय, माई," मुकुंद म्हणाला.

"आत्ता? हे आत्ता चाललंय?"

"आत्ता."

त्यांनी हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. कान त्या यंत्राच्या अगदी जवळ नेला आणि तशाच वाकून राहिल्या. मी मोजत होते, मिनिटाला एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर लेव्हीननी यंत्र लगेच उचललं नाही. त्यांच्या हातातलं काम संपलं होतं, तरी त्यांनी ते तिथेच धरून ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "टिकलं म्हणायचं. काय खाल्लंस?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. सूप आणि भात. खोटं नव्हतं आणि मुकुंदसमोर कुणाची अडचणही नव्हती. मी तोंड उघडलं.

"चिकन," माई म्हणाल्या. मोठ्याने, मिसेस चानने उच्चारलं होतं अगदी तसं. मग एक बोट माझ्याकडे केलं, एक स्वतःच्या छातीवर ठेवलं. "टू."

खोलीत नुसता तो दौडीचा आवाज होता. मुकुंदच्या हातात बॅग लोंबकळत होती. तो आईकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. डॉक्टर लेव्हीन वळून फोनपाशी गेल्या आणि आज खाट नको असं त्यांनी कळवलं.

"माई, तू?" मुकुंद म्हणाला.

"मी काय? ती बॅग खाली ठेव आधी," माई म्हणाल्या. "आणि धावत जा. त्या रश्शाच्या दुकानातल्या बाईंना विचारून ये, शनिवार-रविवार उघडं असतं का."